ओपाच्या जागी कोण?

हॅलो?… हॅलो, दारिया? अगं मोठ्यानं बोल, नुसती घरघर ऐकू येतेय… ट्रॅक्टरवर आहेस? मग थांबव की घटकाभर!… नको? पाऊस येतोय? बरं बाई, पेरणी कर, पण ओरडून बोल.

कॅनडात, सास्काटूनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात लरिसा प्रोकोपचुकनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. दोन्ही हात पिठानं माखलेले होते. ओट्यावर कणकेच्या गोल चकत्या पसरल्या होत्या, शेजारी पातेल्यात पिरोहीचं, म्हणजे पाण्यात उकडायच्या युक्रेनी करंज्यांचं, बटाटा आणि चीजचं सारण. मे महिन्यातला शनिवार, रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तरी खिडकीत लख्ख ऊन होतं. थोरली बहीण दारिया तिकडे गावाकडे शेतात, आणि ट्रॅक्टरवर बसली की तिला फोनची आठवण हटकून व्हायची.

हो, पिरोहीच करतेय… कुठल्या आईसारख्या? माझ्या उकळत्या पाण्यात पडल्या की तोंड उघडतात… हस, हस. तुझ्या तरी कुठे मिटतात?… काय?… नाही, ठरलं नाही अजून. म्हणजे माझ्या मनात ठरलंय. पण सांगितलं नाहीये… कुणाला काय विचारतेस? डेल्मरला!

डेल्मरचं नाव घेताना तिचा आवाज आपोआप खाली आला. धान्य सहकारी संस्थेत ती कामाला लागली तेव्हा डेल्मर फ्रीसेननं तिला शेजारच्या खुर्चीवर बसवून सगळं शिकवलं होतं. संस्थेची सगळी कोठारं त्यानं एकट्यानं लिहिलेल्या संगणक प्रणालीवर चालत. त्या प्रणालीचं नाव त्यानं ठेवलं होतं ‘ओपा’. त्याच्यासारख्या मेनोनाइट पंथाच्या घरांत पोरं आजोबांना तशी हाक मारतात. आता लरिसा विभागाची प्रमुख होती, डेल्मर अजून शेजारच्याच खुर्चीवर होता, आणि ओपाच्या जागी कोण, हे सोमवारी लरिसानं सांगायचं होतं.

हो, आठवतंय गं. तो प्रसंग मी विसरेन का?… अगं ऐक ना… हो, तू रांगेत बसलीस, मागचे भोंगे वाजवत होते, सगळं मान्य! पण तू ओपाला शिव्या घालतेस तेव्हा मला कसंतरीच होतं… बरं, सांग परत. मोकळी हो एकदाची.

गेल्या कापणीत वादळ आलं आणि दारियाच्या गावच्या कोठारातल्या यंत्रांचा एकमेकांशी संपर्क तुटला. दारियाचा कॅनोलाच्या तेलबियांनी भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा होता. एक यंत्र म्हणे, हा भरलेला आहे. दुसरं म्हणे, हा मघाशीच रिकामा झाला. दोघंही आपापल्या मतावर ठाम. दारियानं संध्याकाळ ट्रकमध्ये काढली, आणि पुढे कित्येक महिने कुठल्याही समारंभात लरिसा भेटली की ती हीच गोष्ट चारचौघांत सांगायची.

झालं?… हां. आता मी सांगते… तेच तर! स्टेट मशीन म्हणजे फार काही नाही. तुझा ट्रक घे. आला, काट्यावर चढला, नमुना काढला, माल ओतला, रिकामा परत काट्यावर, पावती. एका वेळी एकाच पायरीवर. नमुना काढल्याशिवाय ओतायचं नाही, एकदा ओतलेलं परत ओतायचं नाही. एवढंच… हो, एका माणसाला जमेल. पण हेच तीन यंत्रांनी मिळून लक्षात ठेवायचं, म्हणजे एक बंद पडलं तरी बाकीचे दोघं सांगतील ट्रक कुठल्या पायरीवर आहे. आणि तिघांची ताटातूट झाली की एकट्यानं शहाणपणा करायचा नाही, गप्प बसायचं. तुझ्या सासरच्यांसारखं नव्हे… मीच म्हणाले, हो.

नाही गं, ते सगळं आपण नव्यानं नाही लिहायचं. तयार फ्रेमवर्क मिळतात, त्यात आपल्या पायऱ्या बसवायच्या. प्रश्न हाच की कुठलं घ्यायचं. दोन उरलीत. एक कॅलिफोर्नियावाल्यांचं, मोठ्ठं, जगभर वापरतात. दुसरं क्वेबेकमधलं, छोटंसं. आणि तिसरा आपला ओपा, डागडुजी करून… कॅलिफोर्नियावाल्यांचं का नको? तू आमच्या बॉसबाईंसारखीच विचारतेस. अगं, चांगलं आहे ते, वेगवान आहे. पण त्याला सतत शहरातल्या मोठ्या यंत्राशी बोलत राहावं लागतं. तुमच्याकडे वादळात फोन लागत नाही, तिथे ते काय बोलणार?

तिनं एका चकतीवर चमचाभर सारण ठेवलं, चकती दुमडली आणि कडा चिमटीनं दाबत गेली.

गुरुवारी परीक्षा घेतली मी. म्हटलं, बैठका पुरे. तीन यंत्रं टेबलावर मांडली, खोटा ट्रक तयार केला, आणि तो अर्धा रिकामा झाला की एका यंत्राची वायर काढायची. कॅलिफोर्निया, क्वेबेक, ओपा, तिघांनाही तोच पेपर… खेळ कसला? नोकरी आहे माझी!… कॅलिफोर्नियावालं जागच्या जागी थिजलं. का थांबलं ते सांगेना, पुढे जाईना. क्वेबेकवाल्यांचं मात्र… अगं, जी दोन यंत्रं जोडलेली होती त्यांनी काम पूर्ण केलं, आणि तुटलेल्या तिसऱ्यानं पडद्यावर लिहिलं, ‘मला बाकीचे दिसत नाहीत, म्हणून थांबलो आहे.’ वायर जोडली तर दोघांकडून झालेलं सगळं समजून घेतलं आणि परत कामाला लागलं. इतकं शहाणं माणूस तरी असतं का?

ओपा?… ओपाची वायर मला काढवेना. डेल्मरच उठला. म्हणाला, माझ्या पोराची वायर मीच काढतो. आणि काढली. तुटलेल्या यंत्रानं बिनदिक्कत पावती फाडली, आणि इकडच्या दोघांनी दुसरी. एकच ट्रक, दोन पावत्या. सगळ्यांसमोर… नाही, चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. ‘हं’ म्हणाला, टोपी घातली, डबा उचलला आणि घरी गेला. शुक्रवारी आलाच नाही. फोन नाही, काही नाही.

मी का नाही केला? अगं, काय बोलू? ‘डेल्मर, तुम्ही मला सगळं शिकवलंत आणि आता मी तुमचंच काम मोडीत काढते’ असं?… थांब, मी वाक्य तयार केलंय. तू डेल्मर आहेस असं समज… हसू नकोस! ‘डेल्मर, ओपानं आपल्याला इतकी वर्षं सांभाळलं, पण…’ काय? ‘पण’ नको? मग पुढे कशी जाऊ?… ‘आणि’?… ‘सांभाळलं, आणि आता त्याला विश्रांती देऊ या.’ शी! हे तर अंत्यविधीला बोलल्यासारखं वाटतंय… तू पण ना, दारिया. डेल्मर झालीस तर निदान त्याच्यासारखी कमी तरी बोल!

अजून एक घोळ आहे. क्वेबेकवाल्यांचं सगळं दोन माणसांवर चाललंय. दोनच. बॉसबाई म्हणतात, उद्या त्या दोघांनी दुकान बंद केलं तर आपण कुणाच्या दारात जायचं? बरोबरच आहे त्यांचं. सोमवारी परत तेच विचारतील… थांब. थांब, दुसरा फोन येतोय… अगं बाई, डेल्मर! काय करू?… हो, घेते. तू ठेवू नकोस. ठेवू नकोस हं!

तिनं पिठाच्याच बोटानं बटण दाबलं.

हॅलो?… हो, बोला ना, डेल्मर. नाही, कामात कसली, पिरोही वळतेय… तुम्ही बरे आहात ना?… ऐका, मला आधी तुम्हाला एक सांगायचंय. ओपानं आपल्याला इतकी… हो?… बरं, तुम्ही बोला आधी.

क्वेबेकवाल्यांचा कोड?… त्यांनी नेटवर खुला ठेवलेला, तो वाचलात? सगळा?… अहो, शुक्रवारी तुम्ही ते करत होतात? आणि मी इकडे… काही नाही, पुढे सांगा.

चूक?… कुठे?… म्हणजे यंत्र बंद पडून परत उठलं की शेवटची नोंद दोनदा वाचतं… शेवटचा ट्रक दोनदा…

लरिसा खुर्चीवर बसली. एवढी पारखून निवडलेली गोष्ट, तिच्यातही तेच दुखणं. सोमवारी कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

मग संपलंच की हो… काय? दुरुस्त केलीत? तुम्ही?… त्यांना पाठवलीत सुद्धा?… गिलेन कोण?… अच्छा, त्या दोघांतली. काय म्हणाली?… व्हिडिओ फोन केला? तुम्हाला? तुम्हाला तर फ्रेंचचा एक शब्द… तिचं इंग्रजी तुमच्या फ्रेंचइतकंच? मग बोललात कसं?… आकृत्या काढून दाखवल्यात एकमेकांना! बरं, बरं… दुपारभर?… तुमची मार्था ओरडली नाही?

थांबा, परत सांगा. तिला तुम्ही हवेत?… तिसरा माणूस म्हणून… इथली नोकरी सांभाळूनच… अहो, मग हो म्हणालात की नाही?… विचार करतो म्हणालात? डेल्मर! दोन दिवस झोप न घेता तिचं सगळं वाचून काढलंत, आणि आता विचार करताय?… हो, हो, त्याचसाठी! बॉसबाईंचा प्रश्नच उरत नाही. उद्या ते दोघं गेले तरी त्याचा कानाकोपरा जाणणारा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर आहे… नाही, खुशामत नाही. तुम्हाला खुशामत केलेली चालते कधी?

पलीकडे डेल्मर सावकाश, शब्द शोधत बोलत होता.

कधी?… आज सकाळी ऑफिसात गेला होतात… तो चाचणीचा ओपा? घरी आणलात? सगळ्या खोक्यासकट?… नाही हो, मी कशाला विचारू, तुमचाच आहे तो… कुठे लावलात?… काचघरात!… टोमॅटोच्या रोपांना पाणी द्यायला… डेल्मर, अहो…

तिला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. डेल्मर मात्र गंभीरपणे समजावत होता की तिथे ओपा एकटाच असल्यामुळे त्याचं कुणाशी भांडण व्हायचा प्रश्नच येत नाही, आणि टोमॅटोला एखाद्या दिवशी दोनदा पाणी गेलं तरी कुणी रांगेत भोंगे वाजवत नाही.

बरोबर आहे. एकदम बरोबर आहे… मी? मी काय सांगणार होते?… हेच. म्हणजे साधारण हेच… तुम्हाला ठाऊक होतं? कधीपासून?… गेल्या कापणीपासून! आणि मला बोलला नाहीत?… मी विचारायची वाट बघत होतात… अहो, आणि मी तुमची. शाबास आपली!

ऐका, सोमवारी बॉसबाईंना तुम्ही सांगायचं… नाही, दोघांनी. मी निवड सांगते, तुम्ही ती चूक आणि दुरुस्ती सांगा. लपवायचं नाही काही… आणि आत्ता या ना नवरा-बायको दोघं जेवायला. भरपूर आहेत… उघडल्या तर उघडल्या, पोटात गेल्यावर सगळ्या उघडतातच… या. वाट बघते.

तिनं डोळे मनगटानं पुसले. कपाळावर पिठाचा पट्टा उमटला. मग पुन्हा बटण दाबलं.

दारिया? आहेस?… आहेस! अगं ऐक ना, सगळं… हो, बोलले. म्हणजे तोच बोलला… क्वेबेकवाल्यांचंच घ्यायचं. त्यानंच चूक काढली, त्यानंच दुरुस्त केली, आणि आता ते लोक त्याला आपल्यात ओढतायत… नाही गं, दुखावला नाही. आवाज कसा होता सांगू? सुरुवातीला मला पहिल्यांदा शिकवायला बसला होता ना, तसा. पुढे काय आहे ते सांगायची घाई झालेला… रडत नाहीये. बरं, थोडी. तुझं काय जातंय?

काय?… घरघर होतेय, ऐकू येत नाही… टेकाडामागे चाललीस? अगं मग वळायच्या आधी ऐक. मी खूश आहे गं. खूप दिवसांनी अशी… हॅलो?… दारिया?… हॅलो?

फोन कटला होता. टेकाडापलीकडे गेली की दारिया नेहमीच अशी नाहीशी व्हायची. लरिसानं फोन खिडकीत ठेवला, मोठ्या पातेल्यात पाणी भरून शेगडीवर चढवलं, आणि आणखी दोन माणसांच्या पुरत्या चकत्या कापायला घेतल्या.