तीस वर्षांचा अभ्यास

राजाजीनगरच्या लॅबमध्ये रक्त तपासून घ्यायला आलेल्या उल्काताईंच्या पुढच्याच बाकावर दयानंद आणि त्याची बहीण शिवलीला पेपर वाचत होते. पेपरातला फोटो उल्काताईंचाच होता, पण मास्कमुळे कुणी ओळखलं नाही.

“बघ ही बाई! एचआयव्ही आणि काविळीवर तीस वर्षं अभ्यास केला म्हणे.”

“आणि काय शोधलं अण्णा?”

“वापरलेल्या सुईनं रोग पसरतो! डोंगर पोखरून उंदीर काढला. आपला कंपाउंडर एकाच सुईनं अख्ख्या गल्लीला टोचायचा, कुठं काय झालं?”

“आपले आप्पा काविळीनंच गेले की.”

“ते नशीब त्यांचं.”

“दयानंद कोण?” नर्सनं हाक मारली.

दयानंदनं बाही वर केली.

“सिस्टर, स्वल्प थांबा. सुई नवी आहे ना? पाकीट माझ्यासमोर फोडा.”