खाजणाच्या बांधावरचा सोबती

ऐका. पुढे सरका थोडे, मला ओरडून सांगवत नाही. आणि मधे हसायचं नाही. हे ऐकीव नाही, यात मी स्वतः होतो.

आपल्या खाजणाचा बांध माहीत आहे ना? एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाजणाचा खारा चिखल. पलीकडच्या वाडीला जायची जवळची वाट. आमच्या शेजारचा धाकू एकदा बाजार करून अंधार पडल्यावर त्या वाटेने निघाला. एकटाच. रात्रभर आला नाही. सकाळी कोळणींना दिसला, छातीपर्यंत चिखलात रुतलेला. ओढून काढला तर म्हणतो कसा, "सोबती म्हणाला, वाट इकडून आहे."

कोण सोबती? ते सांगता येईना. आणि मग रोजचंच झालं. रात्र झाली की धाकू उठायचा, दाराकडे जायचा. बाहेर सोबती उभा आहे म्हणायचा. त्याची बायको शेवंती दाराला आडवी झोपायची. किती दिवस झोपणार?

शेवटी ती बाबी घाड्याकडे गेली. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा तो. म्हणाली, तिथे काय आहे ते मला बघायचंय. सोबतीला मी येतो म्हटलं. पण खरं सांगू? माझा कशावरच विश्वास नव्हता. मला वाटायचं, धाकू दारू पिऊन पडला असेल. नाहीतर हा बाबीच कुणाला तरी बांधावर उभा करत असेल. त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून मी गेलो.

बाबीने काय तयारी करवली, ऐका. पोटभर जेवून यायचं, दारूचा थेंब नको. कोळ्यांना ओहोटीची वेळ विचारली. धाकूजवळ माझ्या भावाला बसवलं आणि भरती लागायच्या आत आलो नाही तर माणसं घेऊन ये म्हणून बजावलं. बांधाच्या तोंडाशी नारळ ठेवून जागेची परवानगी मागितली. शिवी द्यायची नाही, दगड मारायचा नाही, कुणाच्या मागे धावायचं नाही. आणि तिघांतल्या एकानेही परत फिरू म्हटलं, की सगळ्यांनी फिरायचं.

मग एकच दोर तिघांच्या कमरेला बांधला. पुढे कंदील घेऊन बाबी, मधे शेवंती, मागे मी. उरलेलं टोक माझ्या मागे लोंबत होतं.

निघालो. थोडं गेलो, तर मागे चिखलात पावलं. पचक, पचक. आम्ही थांबलो की थांबायची. मी मनात म्हटलं, हा बाबीचा माणूस. मग विडीचा वास आला. अगदी कानाशी कुणीतरी चुना मागितला. आवाज साधा, तुमच्या-माझ्यासारखा. वळून बघितलं, कुणी नाही.

बाबी थांबला. हात जोडले. शांतपणे म्हणाला, "तुला त्रास द्यायला आलो नाही. ही बाई घर सोडून तुझ्या जागेत आली आहे, तिच्या माणसाला सोड. एवढंच."

मग शेवंतीच म्हणाली, परत फिरू. तिला खाली चिखलातून धाकूची हाक येत होती, नावाने. "माझा नवरा मला कधी नावाने हाक मारत नाही," ती म्हणाली. पाय तिचा बांधावरून हलला नाही.

फिरलो. आता मी पुढे झालो, बाबी कंदील घेऊन सगळ्यात मागे. चार पावलं टाकली असतील, माझ्या कमरेला ओढ बसली. पुढून. मागे लोंबणारं ते टोक पुढे अंधारात ताठ झालेलं, आणि तिकडून बाबीचा आवाज. "चल, मी आहे पुढे. बांध खचलाय, असा उजवीकडून ये."

आणि मी निघालो होतो हो! एक पाय चिखलात गेलासुद्धा. पण डोक्यात संशय बाबीचाच, म्हणून हा पुढे कसा आला ते बघायला मागे वळलो. तर बाबी मागेच. कंदील छातीशी, तोंड मिटलेलं.

मी दोर ओढायला लागलो, तसा मागून बाबी म्हणाला, "ओढू नको. झगडायचं नाही. दे त्याला."

शेवंतीने कमरेची कोयती काढली आणि माझ्या पोटाशी दोर कापला. ते टोक खाली पडलं नाही, बाळांनो. तसंच हवेत ताठ, हळूहळू चिखलावरून निघून गेलं.

बाबी म्हणाला, "तुझं तुला. आम्ही चाललो." मग कुणी मागे बघितलं नाही.

घरी आलो तर धाकू जागा, ओटीवर बसलेला. आमच्याकडे बघेना. आमच्या मागे अंगणात बघत राहिला, कितीतरी वेळ. मग विचारलं, "तिघंच आलात ना?"

बाबीने आम्हाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. एकेकाला आपलं नाव मोठ्याने घ्यायला लावलं. तीन नावं झाली. चौथं कुणी बोललं नाही. तेव्हा धाकू आडवा झाला आणि त्या रात्री पहिल्यांदा झोपला. पुन्हा कधी दाराकडे गेला नाही.

पण बांध आहे तिथेच आहे. उशीर झाला तर सडकेने या, लांब पडली तरी. आणि बांधावर कुणी सोबत येतो म्हणालं, तर नाही म्हणा. नीट, हात जोडून म्हणा. पण नाही म्हणा.

जा आता. एकत्र जा.