चौदा वर्षांचं शून्य क्रेडिट

आता तुमीच सांगा जी, चौदा वर्षं धानाच्या बांधीत वाकून राह्यलेल्या बाईले कोनी इचारते का, की बाई, तुले धानाचं फूल समजते याचा पुरावा काय? मले इचारलं. विद्यापीठाच्या खिडकीतल्या सायबानं इचारलं, तेबी मान वर न करता.

तशी मी अडानी नाई. कृषी पदविकेचं पहिलं वर्ष पास होती, मंग लगन झालं, चामोर्शीहून इकडं आली, आन विद्यापीठाच्या धानाच्या फार्मावर रोजीनं लागली. अजून रोजीनंच. तर औंदा आमच्या घरचे, नागसेन, मोबाइलवर वाचून सांगतेत, "नूतन, नवा नियम आला. जुनं शिक्षन धरतेत, कामाचा अनुभवबी धरतेत, त्याचे क्रेडिट देतेत, तेवढे भरले का पदविका भेटते. फार्मावर सहायकाची जागा निंगून राह्यली, पदविका पाह्यजे. पन अडतीस भरले का वय गेलं." माह्यं वय सदतीस.

म्हटलं, आपलं तर कामच अभ्यास हाय. काम काय, ऐका. दोन वाणाचा संकर करून नवं वाण काढाचं. सकाळी ऊन चढाच्या आंधी धानाच्या फुलाचं टोक कातरीनं कापाचं, आत परागाचे सहा पिवळे कोष असतेत, ते चिमट्यानं एकेक काढाचे, वरतून कागदाची पिशवी घालाची. सहातला एक राह्यला तर फूल घरच्या घरातच सोयरीक करते, आन नवं वाण गेलं बोंबलत. दरसाल कॉलेजची पोरं शिकाले येतेत. शिकवते कोन? फार्मावरचे सर म्हनतेत, "नूतनबाई, दाखवा यांना जरा," आन सर जातेत सावलीत.

हे सारं सायबाले सांगतलं. सायब म्हने, "मान्य. पण पुरावा काय?" म्हटलं, त्या पिशव्याच पाहा ना. "त्यावर सही कोणाची?" सही सरची. "मग अनुभव सरांचा." बरं, फोटो दाखवला, पोरायच्या सेल्फीतला. त्यात पोरं हासून राह्यली, आन खाली माहा हात दिसते, चिमटा धरलेला. सायब म्हने, "बाई, हात कोणाचाही असू शकतो."

काऊन जी, आता हाताले का आधार कार्ड बांधून फिरू?

मंग सायबाले दया आली. "एक प्रात्यक्षिक द्या, क्रेडिट मिळून जातील." कुठी? तर आमच्याच फार्मावर. कोनासंगं? तर त्याच कॉलेजच्या पोरायसंगं. गेली बाप्पा. म्हंजे गेली काय, सात वाजतापासून तिथीच होती, मजुराच्या हजेरीवर सही करून. पोरं आली, सरनं म्हटलं, "नूतनबाई, दाखवा यांना जरा." दाखवलं. एक दिव्यानी नावाची पोरगी, तिले चिमटाच नीट धरता येईना, सहातले चारच निंगत. तिच्या फुलावर मी वाकून होती, तेवढ्यात विद्यार्थ्यायच्या हजेरीचा कागद फिरून गेला.

दोन महिन्यानं पत्र आलं. प्रात्यक्षिकास गैरहजर.

धावत गेली खिडकीवर. "सायब, मी शिकवून राह्यली होती ना!" सायब म्हने, "तेच ना. म्हणजे शिकत नव्हता. मजुरांच्या हजेरीवर तुमची सही आहे, एक माणूस एका वेळी दोन हजेऱ्यांवर कसा असेल? विद्यार्थी म्हणून आला होता याचा पुरावा काय?" आन तिकडून दिव्यानीचा फोन, "बाई, मला पैकीच्या पैकी मिळाले. तुमच्यामुळे." पोरगी गुनाची हाय, तिचा राग नाई. पन राग हाय. काऊन नाई म्हनू? घरी येऊन भात टाकला तर धुवाचाच इसरली, इतका राग.

अगदीच काई देल्लं नाई असं नाई बरं. अठरा वर्षाची असताना तीन महिन्याचा संगणकाचा कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट होतं. त्याले पुरे दोन क्रेडिट. तवापासून संगणक मी फक्त पुसला हाय, सरच्या टेबलावरचा. धानाले शून्य.

सायब म्हने, "पुढच्या वर्षी परत प्रात्यक्षिक द्या." पुढच्या वर्षी माहे अडतीस.

परवा उन्हाळी धान फुलावर आलं, नवी पोरं आली. सर सावलीत गेले. पुढची एक पोरगी वही उघडून मोठ्या अदबीनं इचारते, "बाई, तुमचं शिक्षण किती?"

म्हटलं, सुरू हाय माय. तू चिमटा नीट धर.