चांगुणाबाईची भिंत

हौसेराव : देव कुठं हाईत, जाफर? मी इचारतोय काय, देव कुठं हाईत?

जाफर : दादा, आवाज जरा खाली घ्या. लोक जमतील.

हौसेराव : जमू देत! सोसायटीचा सेक्रेटरी हाय मी. कमिटीपुढं शब्द दिलाय, भिंतीवर गनपती, दत्त, साईबाबा येतील, मंग बघू हितं कोन मुतायला उभा ऱ्हातोय. अन् तू? तू माझी आई काढून ठेवलीस!

जाफर : चांगुणाबाईंना ओळखलंत ना पण?

हौसेराव : आरं, आईला वळखनार न्हाय व्हय? ती काठी, ती पालथी पाटी खाली घेऊन बसायची तऱ्हा. वरीस न्हाय झालं तिला जाऊन. अन् तू तिला असल्या घानीत बसवलीस?

जाफर : मी कुठे बसवली? त्या रोज इथेच बसायच्या. तुमी पहाटे वाशीला मार्केटात पोती उचलायला जायचे, तुमाला कमी दिसल्या. मला समोर दुकानातून दिवसभर दिसायच्या.

हौसेराव : ते मला सांगू नगंस. ह्यो चुना. आत्ताच्या आत्ता पुसून टाक, न्हायतर मी पुसतो.

(हौसेराव चुन्याची बादली उचलतो.)

जाफर : एक मिनिट, दादा.

हौसेराव : खरं सांग. तुज्या धर्मात बसत न्हाय म्हनून देव काढलं न्हाईस ना?

जाफर : गणपतीला तुमच्या मंडळाचा पडदा दरसाल कोण रंगवतो?

हौसेराव : तू. मंग हितं काय झालं?

जाफर : मंडपात अगरबत्ती लागते. इथे काय लागतं, वासावरून कळतं. उद्या कुणी पिऊन आला आणि देवावर धार मारली, तर लोक त्याला सोडतील आणि बोलतील, जाफरनेच मुद्दाम देव घाणीत काढले. मुंबईच्या दंगलीला दोन वर्षं नाही झाली, दादा. माझी बायको सलिमा हात जोडून बोलली, हे काम घेऊ नका.

हौसेराव : आमच्या सोसायटीत तसं कुनी बोलनार न्हाय.

जाफर : छातीवर हात ठेवून सांगता?

हौसेराव : आता समद्यांचं मी कसं सांगू?

जाफर : बघा.

हौसेराव : मंग सरळ न्हाय म्हनायचं हुतंस!

जाफर : तरी तेच. जाफर देव काढायला नाही बोलला. दोन्हीकडून मीच अडकलो. मग विचार केला, या कोपऱ्यात लोक घाबरायचे कोणाला? काठी आपटून ओरडायच्या, "घरी मोरी न्हाय का रं, मुडद्या!" त्या होत्या तोवर ही भिंत कोरडी होती. होती की नाही?

हौसेराव : हुती.

जाफर : मग?

हौसेराव : मंग काय मंग! तवा ती जित्ती हुती, हातात काठी हुती. आता कुनी उभा ऱ्हायला तर? देवाचं देव बघून घील. माज्या आईचं कोन बघनार, जाफर? सर बाजूला.

जाफर : थांबा. ती रिक्षा बघा, पोपटची. रोजचा गिऱ्हाईक या भिंतीचा. तो उभा राहिला तर चुना मी स्वतः मारतो.

हौसेराव : उभा ऱ्हायला तर ही बादली त्याच्या डोक्यात घालीन मी.

जाफर : घाला. पण आता गप्प बसा.

पोपट : ए जाफरभाय, सरक ना जरा. सकाळपासून नुसतं वाशी-कोपरखैरणे, वाशी-कोपरखैरणे, लय टाइट झालंय... आयला! आजी!

जाफर : काय झालं? कर ना.

पोपट : येडा झाला काय? आजीसमोर? च्यायला, डोळे बघ कसे वटारलेत. मला वाटलं काठी उचललीच. कसली काढलीस रे! नाय, नाय, मी डेपोच्या संडासात जातो. जातो, आजी.

जाफर : गेला.

हौसेराव : "जातो, आजी" म्हनून गेला.

जाफर : हां. त्यांना सांगून गेला.

हौसेराव : नंदकिशोरभाऊ पेटनार. चेअरमन म्हनून देव त्यानंच सुचवलं हुतं.

जाफर : आणा त्यांना. इथे समोर उभं करा. चुन्याचं काय करू, दादा?

हौसेराव : ऱ्हाऊ दे तो. जाफर...

जाफर : बोला.

हौसेराव : पदर तेवढा पुढं घे तिचा. बाहेर बसली की डोईवरनं ढळू द्यायची न्हाय ती.