शांतिनाथ आप्पांचा शब्द

वीस वर्षं मस्कतला काढून सदलग्याचे शांतिनाथ आप्पा गेल्याच महिन्यात परतले होते. निपाणीच्या बँकेत खिडकीपलीकडं त्यांच्याच गल्लीतला अतुल होता, आणि आप्पांच्या मागं रांगेत गल्लीतलीच धोंडूबाई. बोलणं सुरू झालं तशी तिची घाई कुठल्या कुठं गेली.

“आप्पा, आधार कार्डाशिवाय खातं चालू हुईत न्हाय.”

“आधारवाले पत्त्याला पासबुक मागत्यात रं.”

“पासबुक खातं चालू झाल्यावर मिळतंय.”

“पासपोर्ट बघ की.”

“त्यावर पत्ता मस्कतचा हाय.”

“अरं, तुझ्या बारशाला जेवलोय मी. मी शांतिनाथ न्हवं व्हय?”

“मला म्हाईत हाय, आप्पा. कॉम्प्युटरला कुठं म्हाईत हाय?”

आप्पांनी पासपोर्ट पिशवीत टाकला.

“जरा थांबा, आप्पा,” अतुल म्हणाला. “माझ्या भनीला, श्रद्धाला चिकोडीचं स्थळ आलंय. पोरगा मस्कतला तुमच्याच कंपनीत हाय. कसा हाय?”

“चौकशी केला न्हाईसा?”

“आमचं वडील, अण्णा म्हणत्यात, शांतिनाथ आप्पा बरा म्हणाले तर उद्याच सुपारी फोडू. तुमच्या शब्दाम्होरं आनि कागद कशाला?”

धोंडूबाई आणखी एक पाऊल पुढं सरकली.

“सांगतो की,” आप्पा म्हणाले. “माझं आधार कार्ड तेवढं येऊ दे.”