डेस्कटॉपची शिंगं

तात्या, मला एक सांगा, घरात भरवसा ठेवायचा कुणावर? मांडीवर मावणाऱ्या लॅपटॉपवर का टेबल अडवून बसलेल्या डेस्कटॉपवर? मी आपला दुकानदार माणूस, वजन बघून माल पारखणारा. आमच्या सुजाताला दोन वर्षं अर्ज केल्यावर पहिल्यांदाच पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. मुलाखत घरूनच, वायफायवर. ती लॅपटॉप घेऊन बसली, तर मीच म्हणालो, "त्यो कधी दगा देईल सांगता येत न्हाय. मोठ्या मशीनवर बस."

"अप्पा, नक्की?"

"अगं, भिगवणात एवढं दुकान उगंच चालवतोय व्हय?"

बसली. तिसऱ्या प्रश्नाला समोरच्या साहेबांचा चेहरा थिजला, मग आवाज गेला. लॅपटॉप उघडून ती परत जोडली जाईपर्यंत साहेब निघून गेलेले. आणि त्याच खोलीत लॅपटॉपला रेंज फुल्ल!

सुजाता डेस्कटॉपच्या मागं वाकली. "अप्पा, हितल्या वायफायच्या दोन अँटेना कुठं हायत?"

"ती शिंगं व्हय? टेबल भिंतीला टेकंना, म्हणून मीच पिरगाळून काढली. जपून ठेवलीत की ड्रॉवरमध्ये."

ती ओरडली नाही, तात्या. ओरडली असती तर बरं झालं असतं. "लॅपटॉपच्या आत असतात, अप्पा," एवढंच म्हणाली, "म्हणून तुमच्या हातून वाचल्या."

परवा नकाराचा मेल आला. गावात सगळे म्हणतात, पोरीची नोकरी नेटमुळं गेली. तुम्ही तरी हिशोब खरा ठेवा, ती गेलेली नोकरी माझ्या नावावर मांडा.