ओहायोचा बाऊल

अंबरीष : ...कारण हाताने घडवलेली काच कधी मरत नसते, ईश्वरी. ओगावा-सान लंचला डोळे मिटून म्हणाले होते.

ईश्वरी : ही मेलीय. सिंकमध्ये आहे. बघून घे, पण हात घालू नकोस, शिऱ्याखाली धार आहे.

अंबरीष : शिरा? त्यांच्या बाऊलमध्ये?

ईश्वरी : त्यांच्या बायकोने त्यातून संत्री पाठवली होती ना? मग रिकामा परत धाडू? आपल्याकडे कुणी धाडतं?

अंबरीष : गार करून तरी भरायचास.

ईश्वरी : गार शिरा, तुझ्या साहेबांच्या घरी? बाऊल धुऊन बाल्कनीतल्या थंडीत निथळत ठेवला होता. आणला, कढईतून पहिला डाव टाकला आणि टक् झालं. मला वाटलं, बेदाण्यातला खडा.

अंबरीष : कुठला होता तो, माहितेय?

ईश्वरी : हंड्रेड येन शॉपचा नव्हता, एवढं आता कळतंय.

अंबरीष : ओहायो, अमेरिका. जमिनीतून गॅस निघाला म्हणून तिथं भट्ट्या उभ्या राहिल्या. भट्टी विझवायची सोय नाही, काच आतच थिजते. म्हणून पाळ्यांवर पाळ्या. एकाने तापलेला गोळा आणायचा, दुसऱ्याने साच्यात दाबायचा, तिसऱ्याने कडेला चुण्या पाडायच्या. बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू.

ईश्वरी : मग नवा मागवू. नातू असेल की.

अंबरीष : कारखाना बंद पडला. बहुतेक सगळेच पडले. आधी यंत्रं आली, मग बाहेरचा स्वस्त माल.

ईश्वरी : बाहेरचा म्हणजे?

अंबरीष : थोडा इथलाच. जपानचा.

ईश्वरी : हे ओगावा-सान सांगतात?

अंबरीष : सांगतात. तेवढं वाक्य हळू.

ईश्वरी : म्हणजे कारखाने बुडवायला हातभार यांचा, आणि एक बाऊल गेला तर अपराधी मी.

अंबरीष : माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते सोमवारी ओगावा-सान ठरवणार आहेत. नाही वाढलं तर केतकीला पुण्यातल्या शाळेत घालायचं? तिला देवनागरी वाचताना घाम फुटतो.

ईश्वरी : मी जाऊन वाकते त्यांच्यापुढे. फुटलेल्या ओहायोला किती वाकायचं असतं?

अंबरीष : थट्टा नको. ते इकडेच निघालेत, मेसेज आलाय. जपानी साहेब, शनिवारी, न बोलावता घरी!

ईश्वरी : बाऊल न्यायला?

अंबरीष : तसं लिहिलेलं नाही. 'महत्त्वाचं आहे, ऑफिसात बोलता येणार नाही' एवढंच.

ईश्वरी : बाई गं. त्यांना कळलं कसं?

(बेल वाजते. अंबरीष बाहेर जाऊन दार ओढून घेतो. ईश्वरी सिंकवर परात पालथी घालते. बऱ्याच वेळाने तो एकटाच आत येतो.)

ईश्वरी : आत नाही बोलावलंस? ओरडले का?

अंबरीष : नाही. फुटला म्हणून सांगितलं मी. त्यांचं लक्षच नव्हतं.

ईश्वरी : मग आले कशाला?

अंबरीष : आमची अख्खी टीम मार्चमध्ये बंद होतेय. ते काम सॉफ्टवेअरच करणार.

ईश्वरी : अरे, पण सोमवारी ते ठरवणार होते ना?

अंबरीष : सोमवारी ते नसतील. त्यांचा कालच शेवटचा दिवस झाला.